झुडूप कसलं आहे, साहेब?

मोटार शिकायला कोणी आलं की शिकवणारा माणूस काय विचारेल? सायकल येते का, चष्मा कधीपासून आहे, याआधी कधी स्टिअरिंग धरलंय का. आमचे मास्तर यातलं काहीच विचारत नसत. मी पहिल्या दिवशी त्यांच्या खोलीत गेले, चप्पल दाराशी काढली, आणि अजून टेकलेही नव्हते तोवर त्यांनी मान वर न करता विचारलं, "बाय, एरंडाला गारी लागली तं काय होल?"

मी म्हटलं, "कोणाची गाडी?"

"तुमची."

"मला अजून चालवता येत नाही."

"येल तवा. एरंडाचं काय होल ते बोला."

आमच्या माहेरी परसात एरंड माजलेले असायचे. म्हटलं, "मोडेल."

"आनि गारीचं?"

"गाडीचं काय व्हायचंय? चीक लागेल थोडा."

तेव्हा कुठे मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "बसा," म्हणाले. नंतर कळलं की ही त्यांची प्रवेश परीक्षा होती. 'पण झाडाला गाडी लावायचीच कशाला' असं उत्तर देणारी माणसं त्यांना आवडत नसत. शिकवायचे त्यांनाही, पण पाहुण्याला शिळं वाढावं तसं.

मास्तर मूळचे बदलापूरच्या बाजूचे, आगरी. घरची भातशेती होती, तिचे पुढे प्लॉट पडले. त्यांच्या बोलण्यात ड चा र व्हायचा आणि ळ चा ल. गाडी ती गारी, झाड ते झार. आठवडाभरात माझा कान सरावला, आणि त्यानंतर मीच घरी 'गारी' म्हणायला लागले तेव्हा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तू नक्की काय शिकतेयस?"

मुलाचं आधी सांगते, नाहीतर मी म्हातारी या वयात गाडी शिकायला का निघाले हे कळायचं नाही. ह्यांनी निवृत्त झाल्यावर एक छोटी मोटार घेतली होती, दुधाळ रंगाची. सीटची कव्हरं मी माझ्या जुन्या साड्यांची शिवली होती, त्यामुळे आत बसलं की माझ्याच मांडीवर बसल्यासारखं वाटतं असं हे म्हणायचे. हे गेले आणि गाडी सोसायटीत बदामाच्या झाडाखाली उभी राहिली. मुलगा पुण्याला. तो म्हणाला, उभी गाडी सडते, विकून टाकू. मी म्हटलं, विकायची नाही. तो म्हणाला, मग चालवणार कोण? मी म्हटलं, मी. तो हसला नाही, हेच मला लागलं. हसला असता तर मीही हसून विषय सोडला असता. पण तो अगदी समजूतदारपणे म्हणाला, "ठीक आहे. दिवाळीपर्यंत लायसन काढ. नाही निघालं तर भाऊबीजेला माणूस येऊन गाडी घेऊन जाईल, मी बोलून ठेवतो."

म्हणजे माझ्याजवळ उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा वेळ होता, आणि अंबरनाथ पूर्वेला घरापासून चालत जाण्यासारखी एकच शाळा होती, ती मास्तरांची.

शाळा म्हणजे पिठाच्या गिरणीला लागून एक खोली. मास्तरांच्या केसांवर कायम पीठ असायचं, का ते पांढरेच होते, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. खोलीत एक कॉम्प्युटर, त्याच्यापुढे टेबलाला आवळलेलं खेळण्यातलं स्टिअरिंग, खाली तीन पेडल, आणि बसायला भंगारातल्या टेम्पोची सीट, लाकडी पाटावर ठोकलेली. खरी गाडी एकच आणि शिकणारी माणसं पुष्कळ, म्हणून मास्तर प्रत्येकाला आधी गेमवर बसवायचे. स्क्रीनला लिंबू-मिरची बांधलेली. दसऱ्याला खऱ्या गाडीला एक हार आणि खोट्या गाडीला एक. स्वतः अनवाणी गाडी चालवायचे आणि गेमसमोर बसतानाही आम्हाला चपला काढायला लावायचे. "पायाला कललं पायजे, खाली काय हाय ते," म्हणायचे. खाली प्लास्टिक होतं, पण बोलायचं कोणी?

गेम दोन होते. त्यांच्या पुतण्याचं उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यानं घालून दिलेले. एक होता मोठ्या ट्रकचा. त्यात रस्त्याकडेच्या गुडघ्याएवढ्या झुडपाला ट्रक लागला की भिंतीला लागल्यासारखा जागच्या जागी थांबायचा, वर काच फुटल्याचा आवाज. दुसरा होता डोंगरातल्या गाड्यांचा. त्यात उलटं. झुडूपच काय, चांगलं जाडजूड झाड दिसतंय, त्याच्यावर गाडी घातली तर गाडी आरपार. पान हलायचं नाही.

या दोन गेमांनी मास्तरांची झोप उडवली होती.

"एकात सगली झारं लोखंडाची," ते म्हणायचे, "दुसऱ्यात सगली धुराची. झारासारखं झार एकात बी नाय. गारी बघा कशी बनवलीय. आरशात मागचा रस्ता दिसतो, वायपर हलतो, टायर झिजतो. आनि झाराला अंगच नाय? हे बनवनाऱ्यानं झार बघितलंय का कवा?"

आमच्याबरोबर शिकायला कॅम्प तीनचे एक सिंधी शेठ यायचे, जीन्स शिवायचा कारखाना होता त्यांचा. गोल, गोरे, कपाळाला सतत घाम. त्यांना धुराचा गेम फार आवडायचा. "मास्तर, चांगला तर आहे. वळण आला की सीधा झाडातून निघायचा. टाइम वाचतो, साईं."

"शेठ, उद्या खऱ्या रस्त्यावर असं कराल?"

"खऱ्या रस्त्यावर तर मी ड्रायव्हर ठेवणार."

"मंग शिकतांय कशाला?"

"ड्रायव्हर लबाडी करतो की नाही, ते कळायला."

मास्तरांचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं की झाडं चार जातीची. एक वाकणारी, दुसरी मोडणारी, तिसरी अडवणारी, आणि चौथी मारणारी. करवी वाकते, गाडी गेली की अर्धी परत उभी राहते. एरंड मोडतो. शेवगा दिसतो चांगला मांडीएवढा, पण मोडतो पापडासारखा, म्हणून त्याच्यावर कधी चढू नये आणि त्याला कधी घाबरूही नये. केळीला गाडी लागली तर थुप्प असा ओला आवाज येतो, पाणी उडतं आणि डाग जन्मात जात नाही. करवंदाच्या जाळीतून गेलं तर बंपरला काही होत नाही, रंग मात्र जातो. बांबू सगळ्यात लबाड, आधी नम्रपणे वाकतो आणि गाडी पुढे गेली की मागून येऊन हाणतो. आणि साग, आंबा, चिंच यांच्या बाबतीत बोलायचंच नाही. तिथे झाडाचं काय होईल असा प्रश्नच नसतो.

हे सगळं त्यांनी ऐकून सांगितलेलं नव्हतं. करून बघितलेलं होतं. रविवारी सकाळी ते शाळेची गाडी काढायचे, बदलापूर ओलांडून बारवी धरणाच्या रस्त्याला लागायचे, आणि चालत्या माणसाच्या वेगानं रस्त्याकडेच्या झाडाझुडपांना गाडी लावत जायचे. पुतण्या बाजूला उभा राहून मोबाईलवर चित्रीकरण करायचा. यातही त्यांचे नियम होते. फुलाफळाला आलेलं झाड वर्ज्य. कोणाच्या दारातलं वर्ज्य. आणि गाडी लावून झाली की खाली उतरून बाटलीतलं पाणी त्या झुडपाच्या बुडाशी ओतायचं. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाले, "ठोकल्यावर द्यायला लागतं. मानसाला ठोकलं तं पानी नाय देनार तुमी?"

ते व्हिडिओ पुतण्या इंग्रजी पत्र जोडून गेमच्या कंपन्यांना पाठवायचा. पत्रातला मजकूर मास्तर सांगायचे आणि पुतण्या सौम्य करायचा. 'तुमच्या आईनं तुम्हाला कधी रानात नेलं नाही काय' याचं त्यानं इंग्रजीत काय केलं असेल, देव जाणे. तिकडून यंत्रानं पाठवलेलं एक ठरावीक उत्तर यायचं, सूचनेबद्दल आभारी आहोत वगैरे. मास्तर ते पुतण्याला वहिनींपुढे, म्हणजे मास्तरांच्या बायकोपुढे, वाचून दाखवायला लावायचे. वहिनी म्हणायच्या, "आभारी हायत तं पैसे नाय पाठवलं?"

आणि एके दिवशी खरंच काय झालं, डोंगरातल्या गेमची नवी आवृत्ती आली, आणि त्यात गाडी घातली की गवत वाकायला लागलं. झाडं धुराचीच, पण गवत वाकलं. पुतण्या म्हणाला, जगभरातल्या लोकांनी तक्रारी केल्या असतील. मास्तर म्हणाले, जगभरात बारवीचा रस्ता हाय का? आणि गिरणीवाल्यापासून स्टेशनपर्यंत पेढे वाटले. लोकांना वाटलं नातू झाला. "काय झालं मास्तर?" "गवत वाकलं." लोक पेढा खाऊन पुढे जायचे.

आता हा माणूस नुसता झाडांपुरता थांबला असता तर ठीक होतं. पण त्यांनी अख्खी माणूसजात त्या चार खणांत बसवून टाकली होती. कोणाला भेटले की जरा वेळानं हळूच सांगायचे. गिरणीवाला एरंड. बँकेतला साहेब शेवगा, "दिसतो जार, हात लावा, मोरतो." शेठना त्यांनी तोंडावर सांगितलं, "तुमी केल." शेठ खूश. "केळा? का?" "आत सगलं पानी." आणि ते खरं होतं. शेठ गेममध्ये कुत्र्याला धक्का लागला तरी डोळे पुसायचे. मी एकदा मुलाचं सगळं सांगितलं, फोनवर तो कसा समजूतदारपणे बोलतो ते, तर मास्तर म्हणाले, "बांबू." ह्यांचा फोटो दाखवला, तर नुसतं "साग" म्हणाले आणि फोटो दोन्ही हातांनी परत दिला.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमचं नाय कललं अजून."

मला राग आला. सगळ्या गावाचं कळतं आणि माझं कळत नाही म्हणजे काय?

तर माझं शिक्षण चाललं होतं. लोखंडी गेमनं मला रडकुंडीला आणलं, म्हणून मास्तरांनी मला धुराच्या गेमवर बसवलं. हळूहळू जमायला लागलं. क्लच, गिअर, आरसा, सगळं. आणि त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट जमली, ती कोणाच्याच लक्षात आली नाही. समोरून काही आलं, घाबरायला झालं, की मी शांतपणे डावीकडे झाडीत गाडी घालायची. गेम काही बोलायचा नाही. झाडीतून आरपार जाऊन मी पुन्हा रस्त्यावर यायची, पदर नीट करायची आणि पुढे जायची. मास्तर बाजूला उभे असायचे, पण त्यांचं सगळं लक्ष पानांवर. "बघा, बघा, हाललं का पान? नाय हाललं." माझ्या हाताला काय सवय लागतेय हे त्यांनी बघितलंच नाही.

पावसाळा सरल्यावर मास्तरांनी मला आणि शेठना खऱ्या गाडीतून बारवीच्या रस्त्याला नेलं. मी चालवत होते, मास्तर बाजूला, त्यांच्या पायाशी शाळेच्या गाडीला असतो तो वेगळा ब्रेक, शेठ मागे. रस्ता मोकळा, दोन्हीकडे हिरवंगार. मास्तर मागे वळून शेठना कुड्याचं झाड दाखवत होते. तेवढ्यात समोर उजव्या बाजूनं एक म्हैस रस्त्यावर आली. घाईत नव्हती. अगदी आपल्या अंगणात आल्यासारखी आली.

मी घाबरले नाही. तेच वाईट झालं. मी सवयीनं शांतपणे डावीकडे वळवलं आणि गाडी घाणेरीच्या झुडपात घातली.

पहिला क्षण मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे तंतोतंत होता. झुडूप वाकलं, काटक्या पत्र्यावरून करकरल्या, काचेवर पानं आणि लाल-पिवळी फुलं आली, गाडीत तो घाणेरीचा उग्र वास भरला. गाडी आपोआप मंदावली. मास्तर ब्रेकवर पाय ठेवायचा सोडून बोट वर करून म्हणाले, "ऐका, आवाज ऐका, ह्यो आवाज गेममधी..."

आणि थाड्.

गाडी पुढून उचलली गेली आणि तशीच तिरकी राहिली. खालून काहीतरी ठिबकायला लागलं. म्हैस तिथेच उभी राहून आमच्याकडे बघत होती. मग मागून शेठ हळूच म्हणाले, "साईं, गेममध्ये तर जातो."

मास्तर उतरले. अनवाणीच. हातानं फांद्या बाजूला केल्या, वाकून आत बघितलं, आणि तिथेच खाली बसले. मला वाटलं, बसला धक्का माणसाला. मी जाऊन बघते तर झुडपाच्या पोटात चांगला कमरेएवढा दगड, हद्दीचा, त्याच्यावर चुन्याचे पांढरे पोपडे.

"बाय," मास्तर म्हणाले, "ह्यो तं आमचा."

शेताचे प्लॉट पडले तेव्हा मास्तरांनी स्वतः तो दगड रोवला होता, स्वतःच्या हातानं चुना फासला होता. मग घाणेरी वाढली आणि दगड गिळून बसली, आणि मास्तर विसरले. बारवीच्या रस्त्यावरचं एकूण एक झुडूप त्यांनी ठोकून बघितलं होतं, फक्त हे सोडून.

"हेच कसं राहिलं?" मी विचारलं.

"आपल्याच घरच्या झुरपाला कोन ठोकतं?"

मग त्यांना हसू फुटलं. मलाही फुटलं. शेठ रडायच्या बेतात होते, पण तेही हसायला लागले. हसून झाल्यावर मास्तरांनी बाटली काढली, निम्मं पाणी घाणेरीला घातलं, उरलेलं दगडावर ओतलं. शेठ म्हणाले, "मला पण तहान लागली आहे." मास्तर म्हणाले, "तुमाला ठोकलं नाय."

गाडी टोचन लावून न्यावी लागली. न्यायला आलेल्या पुतण्यानं त्याआधी झुडपातल्या दगडाचं मोबाईलवर चित्रीकरण करून घेतलं. मेकॅनिक म्हणाला, दिवाळी होईपर्यंत ही चाकं जमिनीला लावायची नाहीत. आणि माझ्या परीक्षेची तारीख दिवाळीच्या आधीची. तारीख हुकली तर पुढची केव्हा मिळेल कोण जाणे, आणि भाऊबीजेला तो माणूस गाडी न्यायला येणार. परीक्षेला गाडी शाळेची लागते असं काही नाही, पण कोणाची तरी लागतेच. त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी दाराची बेल वाजली. बाहेर मास्तर, शेठ आणि शेठनी कॅम्प तीनमधून धरून आणलेला एक बॅटरीवाला.

"चला," मास्तर म्हणाले, "सागाची गारी कुठं हाय?"

बदामाखाली ह्यांची गाडी होती. वर चादरी, चादरींवर पानांचा थर, आणि सोसायटीच्या कुंपणाची मेंदी वाढून एका बाजूनं दारापर्यंत आलेली. बॅटरी बदलली, हवा भरली, कागदपत्रं मुदतीत आहेत का ते शेठनी दोनदा तपासलं, आणि गाडी एकदा खोकून चालू झाली. मास्तरांनी आत बसून साडीच्या कव्हरावर हात फिरवला. मग पायाशी चाचपलं. तिथे ब्रेक नव्हता. साधी गाडी, मास्तरांच्या बाजूला नुसता पायपोस. इतकी वर्षं जो माणूस बाजूला बसून लोकांचे जीव वाचवत आला, तो पहिल्यांदा मोकळ्या पायानं बसला होता.

"बाय," म्हणाले, "आता तुमचा पाय तोच माझा पाय. डावीकडे झुरपात गेलांव तं मी दार उघरून उतरनार."

मग रोज पहाटे सराव. मास्तर दर वळणाला पायपोस दाबायचे. आठवड्यात पायपोसाला भोक पडलं. आणि त्यांनी मला पुन्हा पुन्हा एकच शिकवलं, झाडी दिसली की हात नाही, पाय हलवायचा. डावा हात सारखा शिवशिवायचा माझा. एकदा समोर रिक्षा आली आणि हात वळलाच, तर मास्तरांनी नुसतं "दगर" म्हटलं. पाय ब्रेकवर गेला. नंतर तेच झालं, घाबरले की मी मनात 'दगर' म्हणायची.

परीक्षेच्या मैदानावर शेठचा नंबर आधी होता, त्यांच्या मेव्हण्याच्या गाडीतून. ते उतरले ते घाम पुसत, आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. मग माझ्या बाजूला परीक्षा घेणारे आरटीओचे साहेब बसले. चेहऱ्यावरून कळत नव्हतं वाकणारे का अडवणारे. मी आठाच्या आकड्यात गाडी फिरवली, चढावर थांबवून परत उचलली, मागे घेतली. सगळं नीट झालं. साहेबांनी पेन काढलं, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "समोर अचानक जनावर आलं. उजवीकडे ट्रक आहे, डावीकडे झुडूप आहे. काय कराल?"

सोपा प्रश्न. पण मी मास्तरांची. माझ्या तोंडून निघून गेलं, "झुडूप कसलं आहे, साहेब?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढून डोळे चोळले. "तुम्ही त्या गिरणीशेजारच्या मास्तरांकडच्या का?"

"हो."

"तरीच. दरवेळी कोणीतरी असतंच. आत्ताचे ते शेठ मला म्हणाले, केळ असेल तर जातो, आंबा असेल तर विचार करतो."

"त्यांना केळीचं प्रेम आहे, साहेब."

"आजी, झुडूप कसलंही असो. उत्तर काय?"

माझ्या डोळ्यासमोर ह्यांची गाडी आली, तो भाऊबीजेचा माणूस आला. म्हटलं, आता तरी नीट बोल. "झुडूप कसलंही असलं तरी आत काय आहे ते दिसत नाही," मी म्हटलं. "एरंड असेल तर मोडेल, करवी असेल तर वाकेल, पण आत दगड असला तर तो आधी दिसत नाही. म्हणून ब्रेक."

"म्हणजे ब्रेक."

"हो. पण का ते सांगितलं."

साहेबांनी काहीतरी लिहिलं. "जा," म्हणाले. "आणि मास्तरांना सांगा, पुढच्या वेळी पोरांना नुसतं ब्रेक म्हणायला शिकवा. माझा निम्मा दिवस झाडांत जातो."

मी पास झाले. शेठही झाले, पण कसे ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मास्तर फाटकाबाहेर उभे होते. मी सगळं सांगितलं. प्रश्न ऐकून ते हरखले. "बरोबर इचारलांव. जात कलल्याबिगर उत्तर कसं देनार?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, तुमचं कललं मला."

"काय?"

"घानेरी. फुलं चांगली, वास कडक, रस्ता अरवून बसलेली. लोकांना वाटतं, वाकल. आनि आत दगर."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी बोलणं टाकलं असतं. त्या दिवशी मात्र मला कोणी पैठणी दिल्यासारखं झालं.

आता मास्तर इथे नसतात. खोली सोडली, मुलीकडे उरणला गेले. तिकडे सगळी मिठागरं आणि खाडीच्या चिखलातली तिवराची झुडपं. "गारी लावायला चांगलं झारच नाय," फोनवर कुरकुर करतात. "तिवरात गारी घातली तं झाराच्या आधी चिखल धरतो. चिखलाचं गेमवाल्यांनी कायच केलं नाय अजून." म्हणजे आता चिखलाची पत्रं सुरू झाली असणार. मागे एकदा अचानक फोन आला. आवाज हलका केलेला, चोरी सांगितल्यासारखा. "बाय, नवीन गेम आलाय. त्यात डाव्या बाजूच्या झुरपात दगर ठेवलाय. दिसत नाय. थाडकन लागतो. जगातली लोकं शिव्या देतायत."

"कोणी ठेवला?"

"आपन," मास्तर म्हणाले. "पुतन्यानं आपला इडिओ पाठवला होता ना."

मी कॅम्प तीनला जाऊन पुतण्याच्या दुकानात तो गेम बघितला. स्वतः गाडी चालवत गेले, त्या बाजारातून, जिथे जीन्सचे गठ्ठे रस्त्यावर झोपलेले असतात. दगड आहे खरा. मास्तरांचाच असेल असं मी म्हणणार नाही. पण त्याच्यावर पांढरे पोपडे आहेत.

हां, दिवाळीचं राहिलंच. मुलगा आला तेव्हा मी त्याला घ्यायला स्टेशनला गेले, पूर्वेला. त्यानं गाडी बघितली, मला बघितलं, आणि बाजूला बसला. वाटेत त्याचा पाय सारखा पायपोस दाबत होता, बरोबर त्या भोकावर. सोसायटीत शिरले तर बदामाखाली आमच्या जागेला खेटून कोणीतरी स्कूटर लावलेली. उजवीकडून जागा नव्हती. मी हळूच डावीकडे घेतलं, मेंदीच्या कुंपणाला लावून.

"आई, झाड. आई, झाड आहे."

"मेंदी आहे. वाकते."

"आत काही असलं तर?"

"आत दगड नाही. सकाळी हात घालून बघितलंय."

मेंदी वाकली. पानं खिडकीतून आत आली आणि चार त्याच्या मांडीवर पडली. गाडी जागेवर उभी राहिली, पूर्वी हे लावायचे तशीच, नाक बदामाकडे. मुलानं मांडीवरची पानं झटकली. मग त्यानं फोन काढला आणि भाऊबीजेच्या माणसाला सांगितलं, येऊ नका, गाडी वापरात आहे.

मी उतरले. बाटलीत थोडं पाणी होतं, ते मेंदीच्या बुडाशी ओतलं.

"हे काय आता?" मुलगा म्हणाला.

"ठोकल्यावर द्यायला लागतं," मी म्हटलं.